ज्या गाण्यावर न्यू ऑर्लिन्स चिडलं: ‘द सिम्पसन्स’मधल्या एका म्युझिकलचं प्रकरण

१ ऑक्टोबर १९९२, गुरुवार. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘द सिम्पसन्स’ या ॲनिमेटेड विनोदी मालिकेच्या चौथ्या सीझनचा दुसरा भाग लागला. न्यू ऑर्लिन्स शहरात फॉक्सचे कार्यक्रम दाखवणारं केंद्र तेव्हा डब्ल्यूएनओएल होतं. त्या दिवशी तिथे तक्रारीचे शंभरेक फोन आले. शहरातल्या काही रेडिओ केंद्रांवरही निषेध झाला. निमित्त होतं मालिकेतल्या नाटकातलं एक गाणं, धड मिनिटभराचंही नसेल. त्यात न्यू ऑर्लिन्सला चाचे, दारुडे आणि वेश्यांचं गाव म्हटलं होतं. वर घाणेरडं, कुजकं, सडकं, किडकं अशी विशेषणांची रास.

आठवडाभरात प्रकरण निवळलंही. फॉक्सने खुलासा केला, मालिकेने पुढच्या भागात माफी मागितली, विषय मिटला. मग तीसेक वर्षांनी ते उकरून काढायचं कशाला? विडंबनाचं गाणं रंगमंचावरून उचलून कागदावर ठेवलं की त्याचं काय होतं, हे इतकं लख्ख दिसायची संधी क्वचित मिळते म्हणून. शिवाय त्या भागातला खरा जहाल विनोद या गाण्यात नव्हताच. तो शेवटच्या गाण्यात होता, आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

वकिलांची कृपा

भागाचं नाव ‘अ स्ट्रीटकार नेम्ड मार्ज’. लेखक जेफ मार्टिन, दिग्दर्शक रिच मूर. त्या काळात मालिकेची सूत्रं अल जीन आणि माइक रीस या जोडीच्या हातात होती. गोष्ट अशी: सिम्पसन कुटुंबातली आई मार्ज, घरात कुणाच्या खिजगणतीत नसलेली, आपल्या स्प्रिंगफिल्ड गावातल्या हौशी नाटक मंडळींकडे ऑडिशनला जाते. नाटक आहे टेनेसी विल्यम्सचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’. मार्जला मिळते ब्लांश ड्युब्वाची भूमिका, आणि रांगडा, दांडगट स्टॅन्ली कोवाल्स्की कोण? तर शेजारचा पापभीरू नेड फ्लँडर्स.

मूळ नाटक ३ डिसेंबर १९४७ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन एलिया कझानचं, ब्लांश झाली होती जेसिका टँडी, स्टॅन्ली मार्लन ब्रँडो. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. मराठीत विजय तेंडुलकरांनी हे नाटक ‘वासनाचक्र’ या नावाने आणलं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या नाट्यवेड्यांना कथा अनोळखी नसावी. घरदार गमावून बसलेली ब्लांश न्यू ऑर्लिन्समध्ये धाकट्या बहिणीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात येऊन राहते. मेहुणा स्टॅन्ली तिचा भूतकाळ खणून काढतो, तिच्यावर बलात्कार करतो, आणि शेवटी तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. म्युझिकल, म्हणजे ब्रॉडवेछाप संगीत नाटक, करायला याहून गैरसोयीचं नाटक शोधूनही सापडणार नाही.

मार्टिनलाही सुरुवातीला म्युझिकल करायचं नव्हतं. पहिल्या मसुद्यात विल्यम्सचे संवाद जसेच्या तसे होते. फॉक्सच्या वकिलांना त्यांची परवानगी काही मिळवता आली नाही. नाटकाचा संदर्भ घ्या, पण मूळ संवाद घेता येणार नाहीत, असं लेखकाला सांगण्यात आलं. पात्रं हातात आहेत, प्रसंग आहेत, तोंडी घालायला वाक्य मात्र एकही नाही, अशी पंचाईत झाल्यावर गाणी लिहिली गेली.

वकील भित्रे होते असं म्हणणं सोपं आहे, पण विडंबनाला अमेरिकन कायदा कुठवर पाठीशी घालतो हे तेव्हा पुरतं ठरलेलं नव्हतं. ‘मॅड’ या विनोदी मासिकाने लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर विडंबनं छापली म्हणून गीतकार अर्विंग बर्लिन आणि इतर हक्कधारक कोर्टात गेले होते. १९६४ मध्ये अपील कोर्टाने ‘मॅड’च्या बाजूने कौल दिला. पण व्यापारी हेतूने केलेलं विडंबनसुद्धा ‘न्याय्य वापर’ (परवानगीशिवाय करता येणारा कायदेशीर वापर) ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालय बोललं ते १९९४ मध्ये, टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या खटल्यात. म्हणजे हा भाग लागून गेल्यावर जवळजवळ दीड वर्षाने.

ते काही असो, वकिलांचे आभारच मानायला हवेत. मूळ संवाद मिळाले असते तर मार्ज ब्लांशची वाक्यं म्हणते एवढीच गंमत उरली असती. गाण्यांमुळे विनोदाचा रोखच बदलला. आता थट्टा होऊ लागली ती हाताला लागेल त्या गोष्टीचं म्युझिकल करून टाकणाऱ्या ब्रॉडवेची.

सिंक्लेअरसाहेबांचं नाटक

स्प्रिंगफिल्डच्या या प्रयोगाचा दिग्दर्शक आहे ल्युएलिन सिंक्लेअर. आवाज जॉन लोव्हिट्झचा. हा गृहस्थ ओळख करून देतानाच सांगतो की मी आजवर तीन नाटकं बसवली आणि मला तीन हार्ट अटॅक आले, एवढा माझा जीव त्यात असतो. हौशी रंगभूमीशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल. गावोगावच्या नाट्यमंडळांत त्याच्या आवृत्त्या निघालेल्या असतात.

त्याच्या नाटकाचं नाव ‘ओ! स्ट्रीटकार!’. उद्गारचिन्हं दोन. पहिला इशारा ‘ओ! कलकत्ता!’ या रिव्ह्यूकडे, म्हणजे नाच-गाणी आणि छोट्या प्रहसनांच्या कार्यक्रमाकडे. केनेथ टायनन यांची कल्पना, १९६९ चा प्रयोग, आणि रंगमंचावरच्या नग्नतेमुळे गाजलेला. (आपल्या कलकत्त्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.) त्याचं दुसरं पर्व ब्रॉडवेवर १९७६ ते १९८९ असं तेरा वर्षं चाललं. पण उद्गारचिन्हाची हौस त्याहून जुनी. ‘ओक्लाहोमा!’, ‘ऑलिव्हर!’, ‘हॅलो, डॉली!’ ही सगळी याच घराण्यातली. नावापुढे उद्गारचिन्ह म्हणजे आत नाच, गाणी आणि भरपूर उत्साह मिळेल ही हमी. ती विल्यम्सच्या नाटकावर डकवली की पडदा उघडण्याआधीच अर्धा विनोद होऊन जातो.

दुसरा अर्धा विनोद त्या वर्षांच्या ब्रॉडवेवर आहे. १९९२ मध्ये तिथे ‘कॅट्स’, ‘ले मिझराब्ल’, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ आणि ‘मिस सायगॉन’ एकाच वेळी चालू होती. एकात छतावरचं झुंबर खाली येतं, दुसऱ्यात स्टेजवर हेलिकॉप्टर उतरतं. प्रेक्षक गोष्टीइतकेच यंत्रकरामत बघायला जात. म्हणून सिंक्लेअरच्या नाटकात ब्लांशचं मन ढळतं तेव्हा तो मार्जला तारेला लटकवून स्टेजभर उडवतो, वर लेसर, खाली धूर. मूळ नाटकात ब्लांशची वेडाकडे वाटचाल अकरा प्रवेशांतून इंचाइंचाने होते. इथे ती कप्पीवर होते.

गाणं

वादाचं गाणं नाटकाच्या अगदी सुरुवातीला येतं. कोरस उभा राहतो आणि प्रेक्षकांना सांगतो की ही कहाणी सुपरडोम स्टेडियम आणि त्यातली फुटबॉल टीम अवतरण्याच्या फार आधीच्या न्यू ऑर्लिन्सची. मग शिव्यांची लाखोली. चाचे, दारुडे, वेश्या, आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच दमात अव्वाच्या सव्वा भावाने भिकार वस्तू विकणारी भेटवस्तूंची दुकानं. त्यानंतर मिसिसिपीकाठचं सोडोम आणि गमोरा (बायबलातली पापनगरं) ही पदवी. पुढे दर ओळीला चारचार विशेषणं, सगळी दुर्गंधीच्या आसपासची.

नमुना कुठला ते जाणकाराला पटकन कळतं. ब्रॉडवेचा गीतकार-संगीतकार स्टीव्हन सॉन्डहाइम याच्या ‘स्वीनी टॉड’ची सुरुवात. हे म्युझिकल १ मार्च १९७९ ला ब्रॉडवेवर उघडलं. त्यात जहाजावरून उतरलेला तरुण खलाशी अँथनी लंडनचं कौतुक गातो, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला टॉड त्याच लंडनला जगातलं एक काळंकुट्ट विवर म्हणतो, जगभरातले किडे-कीटक जिथे वस्तीला असतात असं. सिम्पसन्सवाल्यांनी चाल उचलली नाही, ढंग उचलला. शहराला शिव्या देत नाटक सुरू करायचं, आणि कोरसने ते छाती फुगवून, सुरात गायचं.

फरक एवढाच की टॉडकडे लंडनला शिव्या द्यायला कारण आहे. त्या शहरातल्या एका न्यायाधीशाने त्याच्या संसाराची धूळधाण केलेली असते. स्प्रिंगफिल्डच्या कोरसला न्यू ऑर्लिन्सवर रागावण्याचं काहीही कारण नाही. सिंक्लेअरला सुरुवातीला एक दणकेबाज गाणं हवं आहे, बस. विल्यम्सच्या नाटकात हे कुठेच नाही. उलट त्याच्या पहिल्याच रंगसूचनेत एलिशियन फील्ड्स या रस्त्यावरच्या वस्तीचं वर्णन मायेने केलेलं आहे: वस्ती गरीब, पण इतर अमेरिकन शहरांतल्या अशा वस्त्यांना नसलेली एक बेफिकीर मोहकता तिला आहे, आणि कोपऱ्यावरून पियानो ऐकू येतोय. विल्यम्स त्या शहरात राहिला होता आणि त्याचं त्या शहरावर प्रेम होतं. म्हणजे गाण्यातली पहिली चूक सिंक्लेअरची आहे. त्याने नाटक वाचलंय की नाही अशी शंका यावी, आणि तोच विनोद आहे.

ब्रॉडवेवर सुरुवातीच्या गाण्याला एक नेमून दिलेलं काम असतं. आपल्या संगीत नाटकात नांदीनंतर सूत्रधार आणि नटी येऊन आज काय बघायचं ते सांगत, तसंच काहीसं. याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्टही सॉन्डहाइमचीच आहे. १९६२ मध्ये ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ न्यूयॉर्कला येण्याआधी बाहेरगावी प्रयोग करत होतं आणि लोक हसत नव्हते. नाटक विनोदी, पण सुरुवातीचं गाणं हळुवार, प्रेमाबिमाबद्दलचं. दिग्दर्शक-नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सला मदतीला बोलावलं. त्याने निदान केलं की प्रेक्षकाला आपण कशाला बसलोय हेच कळत नाहीये. सॉन्डहाइमने नवं गाणं लिहिलं, आज रात्री विनोद आहे असं सरळ सांगणारं. ते बसलं आणि पुढचं तेच नाटक लोकांना हसवू लागलं.

न्यू ऑर्लिन्समध्ये नेमकं याच्या उलट झालं.

छापील शब्द

भाग दाखवण्याआधी टीव्ही समीक्षकांकडे टेप पाठवायची पद्धत होती. न्यू ऑर्लिन्सच्या एका समीक्षकाने ती पाहिली आणि गाण्याचे शब्द आपल्या वर्तमानपत्रात छापले. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. शहराचं नाव घेऊन राष्ट्रीय वाहिनीवर असं काही गायलं जाणार असेल, तर स्थानिक पत्रकाराच्या दृष्टीने ती बातमीच आहे.

पण छापल्यावर काय उरलं ते पाहा. वाद्यमेळ गेला. अल्फ क्लॉसन हा मालिकेचा संगीतकार पस्तीसेक वादकांचा खराखुरा ताफा घेऊन काम करायचा, आणि अशा गाण्यांची सगळी मदार त्यावर असते: संगीत इतकं मन लावून वाजवायचं की थिल्लर शब्दांनाही खऱ्या ब्रॉडवेचा थाट यावा. तो थाट गेला. कोरसमधले ओळखीचे चेहरे गेले, म्हणजे हे सगळं आयुष्यात कधी न्यू ऑर्लिन्सला न गेलेले स्प्रिंगफिल्डचे लोक गातायत हा संदर्भ गेला. सिंक्लेअर गेला. ‘स्वीनी टॉड’चा ढंगही गेला, कारण तो कानाने ओळखायचा असतो. विशेषणं तेवढी राहिली. गाताना चारचार विशेषणांचा मारा हास्यास्पद वाटतो, कारण ताल त्यांना पुढे ढकलत असतो आणि तिसऱ्या शब्दापाशी आपल्याला कळतं की यमक-अनुप्रासासाठी शब्दकोश खाली ओतलाय. वाचताना तेच शब्द एकेक करून लागतात. आज विनोद आहे हे सांगणारं सुरुवातीचं गाणं वाचकाला मिळालंच नाही. तेच गाणं त्याच्यापुढे आरोपपत्र म्हणून आलं.

फॉक्सच्या खुलाशात हाच मुद्दा होता, हे मला विशेष वाटतं. दुखावण्याचा हेतू नव्हता, असं म्हणून पुढे म्हटलं होतं की भाग पाहणाऱ्याला कळेल की हे गाणं म्हणजे ब्रॉडवेच्या असंख्य म्युझिकल्समधल्या सुरुवातीच्या गाण्यांचं विडंबन आहे, आणि अशी गाणी पुढच्या कथेची पार्श्वभूमी तयार करण्यासाठीच असतात. कंपनीचा माफीनामा नाट्यशास्त्राचा आधार घेतो हे दृश्य वारंवार दिसत नाही. खुलासा शंभर टक्के बरोबर होता. चिडलेल्या माणसाला तो किती पटला असेल, हा भाग वेगळा.

आणि शहराची बाजू? गाण्यातले आरोप इतिहासाला धरून आहेत ही त्यातली मेख. जाँ लाफीत हा चाचा त्या शहराच्या आख्यायिकांचा नायक आहे, बर्बन स्ट्रीटवर त्याच्या नावाचा बार आहे. स्टोरीव्हिल ही वेश्यावस्ती १८९७ ते १९१७ नगरपालिकेच्या वटहुकमानुसार आखून दिलेली होती, आणि जॅझच्या इतिहासात ती अभिमानाने सांगितली जाते. दारूबद्दल तर बोलायलाच नको. हे सगळं न्यू ऑर्लिन्स स्वतःच पर्यटकांना विकतं. त्यामुळे मला वाटतं, चाचे आणि दारुडे कुणाला फारसे झोंबले नसावेत. झोंबली असेल ती घाण, सडका वास. आमचं गाव रंगेल आहे असं आम्ही म्हणू, पण बाहेरच्याने नाकाला रुमाल लावायचा नाही.

मराठी वाचकाला इथे ‘घाशीराम कोतवाल’ आठवल्याशिवाय राहणार नाही. लेखकही पुन्हा ‘वासनाचक्र’चेच तेंडुलकर. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला, तेव्हाही सुरुवातीला ओळीने उभा राहून नाचत-गात स्वतःची ओळख करून देणारा कोरस होता, तोही एका खऱ्या शहराचा आणि खऱ्या समाजाचा. वादामुळे एकोणीस प्रयोगांनंतर पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने नाटक थांबवलं आणि ‘थिएटर ॲकॅडमी’ जन्माला आली. दोन्ही प्रकरणं एका मापाची मुळीच नाहीत. तेंडुलकरांना त्या कोरसमधून काही गंभीर सांगायचं होतं, सिंक्लेअरच्या कोरसला काहीच सांगायचं नाही. पण शहराचं नाव घेऊन समूहाने गायलं की ते एका पात्राच्या तोंडच्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं, हे दोन्हीकडे दिसतं.

फळ्यावरची माफी

८ ऑक्टोबरला पुढचा भाग होता, ‘होमर द हेरेटिक’. ॲनिमेशनच्या भागाला कित्येक महिने लागतात, तेव्हा आठवड्याच्या आत त्यात काही घुसवणं अशक्यच. वादग्रस्त भाग तर मुळात तिसऱ्या सीझनसोबत तयार झालेला आणि मागे ठेवलेला होता. पण मालिकेच्या शीर्षकदृश्यात एक जागा लवचीक आहे: शिक्षा म्हणून मार्जचा मुलगा बार्ट शाळेच्या फळ्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितो, आणि ते वाक्य भागागणिक बदलतं. त्या आठवड्यात बार्टने लिहिलं, ‘मी न्यू ऑर्लिन्सची बदनामी करणार नाही.’

माफी आहे आणि नाहीही. शाळकरी मुलगा नाइलाजाने, हात दुखेपर्यंत तेच वाक्य लिहितोय; ते त्याला मनापासून वाटतं असं कोण म्हणेल? तरीही शहराचं नाव घेतलं गेलं आणि चेष्टा स्वतःकडे वळवली गेली. वाद शमायला तेवढं पुरलं.

ज्यावर कुणी चिडलं नाही

आता शेवटच्या गाण्याकडे. विल्यम्सच्या नाटकात ब्लांशला न्यायला डॉक्टर येतो. ती आधी घाबरून झटापट करते, मग तो तिच्याशी अदबीने वागतो तेव्हा त्याचा हात धरते आणि म्हणते की तुम्ही कुणीही असा, मी कायम परक्यांच्या दयेवरच विसंबून राहिले आहे. अमेरिकन नाट्यवाङ्मयातल्या सर्वात प्रसिद्ध शेवटांपैकी हा एक. वाक्यातला काटा असा की परक्यांनी तिच्यावर दया कधी केलेलीच नाही. तिचा वापर केला आहे. हे प्रेक्षकाला माहीत असतं आणि तिला मान्य करवत नाही.

‘ओ! स्ट्रीटकार!’मध्ये याच वाक्याचं समूहगान होतं. सगळी पात्रं हसऱ्या चेहऱ्याने गातात की परक्यांच्या दयेवर बिनधास्त विसंबा, परका म्हणजे आपली अजून ओळख न झालेला मित्र. उडती चाल, टाळ्या, पडदा. नाटकाचा अर्थ उलटा करून त्याचा सुविचार करून टाकला आहे. प्रेक्षकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे या ब्रॉडवेच्या हट्टावर इतका अचूक वार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. विल्यम्सच्या चाहत्यांना खवळायचा हक्क होता तो इथे. त्यांना बहुधा हसू आवरत नव्हतं.

अधली दोन गाणीही त्याच हत्याराने केलेली. स्टॅन्लीची बायकोच्या नावाची ‘स्टेला!’ ही आरोळी ब्रँडोने अजरामर केलेली. फ्लँडर्स ती सुरेल आवाजात गातो आणि यमक जुळावं म्हणून इंग्रजी शब्दांना खुशाल ‘ला’चं शेपूट जोडतो. काळीज फाटल्याच्या किंकाळीचं बडबडगीत. दुसरं गाणं मला जास्त आवडतं. मूळ नाटकात पेपरच्या बिलाचे पैसे न्यायला एक पोरगा येतो, ब्लांश त्याच्याशी लगट करते, त्याचं एक चुंबन घेते आणि त्याला घालवून देते. प्रवेश छोटा, पण तिचा सगळा भूतकाळ त्यात डोकावतो. सिंक्लेअरच्या नाटकात हा पोरगा आहे किराणा दुकानवाला अपू, आणि त्याला चक्क स्वतंत्र गाणं दिलंय! मला प्रेमबीम नको, मी फक्त गेल्या आठवड्याचे चाळीस सेंट मागायला आलो होतो, आता ही बाई मला भुलवणार की काय, गरीब पेपरवाल्याने करावं तरी काय, अशी त्याची कैफियत. म्युझिकलमध्ये दोन मिनिटांच्या पात्रालाही त्याचं गाणं मिळालंच पाहिजे, या रिवाजाची ही थट्टा. (याच अपूच्या भारतीय धाटणीच्या इंग्रजीवरून पुढे मालिकेवर बरीच टीका झाली आणि त्याला आवाज देणारे हँक अझारिया २०२० मध्ये बाजूला झाले. १९९२ मध्ये त्याबद्दल फोन आल्याचं ऐकिवात नाही.)

काही महिन्यांनी, जानेवारी १९९३ मध्ये, याच सीझनमध्ये कॉनन ओब्रायनने लिहिलेला मोनोरेलचा भाग लागला. तोही म्युझिकलवर बेतलेला: १९५७ चं ‘द म्युझिक मॅन’, ज्यात आयोवातल्या एका भोळ्या गावाला बोलबच्चन ठग वाद्यं आणि गणवेश विकतो. सिम्पसन्समध्ये ठग मोनोरेल विकतो, आणि तालात बोलून अख्ख्या सभेला नादी लावतो. गावाची अक्कल काढण्यात हा भाग तसूभर मागे नाही. पण ते गाव स्प्रिंगफिल्ड, नकाशावर बोट ठेवता न येणारं. कुणी दुखावलं नाही, आणि आज तो मालिकेच्या सर्वोत्तम भागांत गणला जातो. १९९६ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चं म्युझिकल करून मालिकेने ‘ओ! स्ट्रीटकार!’चीच युक्ती पुन्हा वापरली, म्हणजे गंभीर गोष्ट घ्यायची आणि तिला झगमगीत शेवट लावायचा. तेव्हा चिडायला कोणतंही शहर नव्हतं.

आपल्याकडे स्टार वर्ल्डवर ही मालिका बघणाऱ्या पिढीचा प्रवास बऱ्याचदा उलटा झाला. विडंबन आधी, मूळ कृती नंतर, कधी कधी कायमची राहूनच गेलेली. ‘स्वीनी टॉड’ माहीत नसताना न्यू ऑर्लिन्सचं गाणं कसं लागतं? नुसतं एक आचरट गाणं. तरी हसू येतं, कारण क्लॉसनचं संगीत आपल्या कानाला सांगत असतं की हे कशाची तरी नक्कल आहे. कशाची, ते नंतर कळलं तरी चालतं.

होमर

भागाचा जीव मात्र या सगळ्यात नाही. तालमीत मार्जला स्टॅन्लीवर बाटली उगारायची असते, आणि गोड स्वभावाच्या फ्लँडर्सवर तिला ती उगारवतच नाही. मग तिला बाहेर खाऊच्या मशीनशी झोंबाझोंबी करणारा तिचा नवरा होमर दिसतो. त्याच्या जागी तिला स्टॅन्ली दिसतो, आणि पुढच्या क्षणी बिचाऱ्या फ्लँडर्सची खैर राहत नाही. विल्यम्सचं एकही वाक्य न वापरता मार्टिनने नाटकाचा आशय मार्जच्या संसारात आणून ठेवला तो इथे.

प्रयोग संपतो. टाळ्यांचा कडकडाट चालू असताना मार्जला प्रेक्षकांत मान खाली घालून बसलेला होमर दिसतो, आणि हा मेला झोपला असं समजून ती संतापते. नंतर कळतं, त्याला वाईट वाटत होतं. त्या बाईला आदर हवा होता आणि तो दांडगट तिच्याशी नीट वागला नाही, एवढं तो सांगतो. आणि तो माणूस आपल्यासारखाच होता, हेही. होमरने विल्यम्स वाचलेला नाही, सॉन्डहाइम कोण हे त्याला ठाऊक नाही. लेसर, धूर, तारेवरची ब्लांश आणि ते टाळीबाज समूहगान, हे सगळं समोर घडत असतानाही त्याला नेमकं नाटक दिसलं. मार्ज चकित होते, राग विसरते, आणि दोघं घरी जातात.